गिरजाघरातलं तीर्थ

ही गोष्ट खरी आहे. माळ गळ्यात आहे माझ्या, हात तिच्यावर ठेवून सांगतो.

रात्रीची नाही. भर दुपारची.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला रविवार. साडेबारा वाजले असतील. जागा कारंजा लाडच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

मी गोविंदा, किन्हीराजाचा. कीर्तन म्हटलं की जेवण विसरणारा माणूस. आणि माझी बायको अंजना म्हणजे आमच्या भजनी मंडळाचा गळा. महाराजांनी चरण संपवला की मागून ती ध्रुपद उचलायची, आणि मांडवातली म्हातारी माणसं डोळे पुसायची. सप्ताह पाच दिवसांवर आला होता. काल्याच्या कीर्तनाला तीच गाणार होती.

त्याआधी मंडळ एक दिवस फिरायला निघालं. सकाळी देवळं झाली. मग एक जुनं, बंद पडलेलं गिरजाघर. दाखवायला सादिकभाई होते. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, सुट्टीच्या दिवशी लोकांना जुन्या इमारती हिंडवून दाखवतात.

"चपला काढाच्या काय?" आमच्या मृदंगवाल्या हेमसिंगनं विचारलं.

"नका काढू. आत वटवाघळायनं घाण करून ठेवली हाय," सादिकभाई म्हणाले.

"मंग त देव बी चपला घालूनच बसला असन," हेमसिंग म्हणाला. सगळे हसले.

मी मात्र काढल्या. देवाचं दार ते देवाचं दार, मग ते कोणाचंही असो.

पहिल्याच पावलाला काहीतरी मऊ, ओलसर तळव्याला चिकटलं...

मी खाली पाहिलं नाही.

सगळे सादिकभाईंच्या मागे पुढे गेले. मी आणि अंजना मागे राहिलो. दाराजवळ कमरेइतकं उंच दगडी कुंड होतं. त्यात पाणी... काठोकाठ. नितळ.

मला वाटलं, तीर्थ.

आमच्याकडे तीर्थ विचारून घेत नाहीत. उजव्या हाताचा खळगा करायचा, आवाज न करता प्यायचं, ओला हात डोक्यावरून फिरवायचा. जन्माची सवय.

"अवो, इचारा त खरं," अंजना म्हणाली.

"देवाच्या दारचं पाणी. त्यात काय इचाराचं?"

मी तळहातावर घेतलं. तोंडात टाकलं.

कोमट होतं. बुळबुळीत. खरकट्या ताटात रात्रभर साचलेल्या पाण्यासारखं. आणि जिभेवर काहीतरी वळवळलं...

केस.

मी वळलो, तोवर अंजनानंही घोट घेतला होता. तिचा चेहरा कसातरी झाला. गाल फुगलेले. डोळ्यांनीच तिनं मला विचारलं, थुंकू का?

मंडळाचे दोघेतिघे वळून बघत होते. आणि मी मंडळातला सगळ्यात भाविक माणूस. तीर्थ थुंकायचं नसतं, हे सगळ्यांना सांगत आलेला.

मी मान हलवली. नको.

तिनं डोळे मिटले आणि गिळलं.

मी खांबाआड गेलो आणि सगळं रुमालात थुंकलो.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

मागे कोणीतरी भुरका मारल्याचा आवाज आला... मग दुसरा. मग पुष्कळ. जणू पंगतच बसली होती.

मागे कोणी नव्हतं.

सादिकभाई सगळ्यांना घेऊन कुंडापाशी परत आले. "दुष्काळात पाद्री इथं लेकरं आणत. उवायनं भरलेली. आधी त्यायचे डोक्शे भादरत, मंग ह्या कुंडातल्या पान्यानं नाव ठेवत. लय लेकरं वाचली नाहीत. आता पाहा, तळाले भेग हाय. पानी ठरतच नाही."

मी आत पाहिलं.

कुंड कोरडं होतं. तळाशी वाळलेली पाल आणि केसांचा मळकट गुंता.

माझा तळहात अजून ओला होता.

परत येताना जीपमध्ये अंजनानं दोन बोटं तोंडात घातली. "अवो, घशात काहीतरी हाय."

तिनं ओढलं. केस निघाला. बारीक, लहान मुलाचा असतो तसा. ती ओढत राहिली... तो येतच राहिला. लाळेनं ओथंबलेला, वीतभर, मग हातभर. मी खिडकीबाहेर तोंड काढून ओकलो.

वाशिमच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. म्हणाले, घसा एकदम स्वच्छ आहे.

काल्याचा दिवस आला. मी म्हटलं, तू गाऊ नको. ती म्हणाली, "देवापुढं उभी त राहीन."

महाराजांनी चरण संपवला. मी टाळ घेऊन तिच्या शेजारीच होतो. अंजनानं तोंडावर पदर दाबून धरला होता. ओठ गच्च मिटलेले.

तरी ध्रुपद उठलं...

बारीक, कोवळे आवाज. एक नाही. पुष्कळ. तिच्या गळ्याची कातडी आतून हलत होती, पोत्यात उंदीर हलावेत तशी.

मांडव रडत होता. म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

"वयनी," नंतर हेमसिंग म्हणाला, "आज त गळ्यात अख्खी शाळा बसवली तुमी!"

मी हसलो नाही. तीही हसली नाही.

त्यानंतर ती स्वतःच्या आवाजात गायली नाही. रोज सकाळी केस निघतात. ती ते टाकत नाही. धुते, विंचरते, देव्हाऱ्यात एका डब्यात ठेवते. "भुकेली लेकरं हायेत हो. कुठं जातीन?" असं म्हणते.

आणि मला तिची किळस येते. खरं सांगतो. तिच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नाही. दया, प्रेम, भूतमात्री देव... सगळं मी आयुष्यभर कीर्तनात ऐकलं. पण ती शेजारी झोपली की मी भिंतीकडे तोंड करतो.

परवा दुपारी ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"तुमी बी गिळलं व्हतं ना हो?"

रुमाल आठवला.

"हो," मी म्हणालो.

अंजना माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ मिटलेले होते. एकमेकांवर घट्ट.

आणि तिच्या गळ्यातून, आतून... कोणीतरी थुंकलं.

मग दुसरं.

मग सगळे.