तिसऱ्या बिजागरीखालची जागा

नागपूरच्या हँगरमध्ये सकाळी साडेनऊला चहा यायचा, आणि चहा संपेपर्यंत विमानाला कोणी हात लावायचं नाही असा रिवाज होता. तो कोणत्याही नियमपुस्तकात नव्हता, पण पंचवीस वर्षांत तो मोडायची कोणाची छाती झाली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी हस्तयंत्रं आली आणि त्यांनी तो पहिल्याच दिवशी मोडला. त्यांना चहा लागत नव्हता.

आजही सगळे पेले घेऊन टेबलाभोवती उभे होते, आणि छताखालच्या रुळावरून दोन राखाडी हात सरकत विमानाच्या शेपटापाशी आले. खांद्यापासून बोटांपर्यंत ते माणसाच्या हातांसारखेच होते. वर धड आणि डोकं तेवढं नव्हतं. उजव्या हातानं विमानाच्या अंगाला बोटं टेकवली. मग तो हात वर उठला, माणसाचं कपाळ जिथे असायचं तितक्या उंचीवर हवेत थांबला आणि खाली येऊन कामाला लागला.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सगळा हँगर खो खो हसला होता. यंत्र नमस्कार करतंय! पण हसता हसता एकेकाचा चेहरा उतरत गेला. बोटं टेकवून तसा कपाळाला हात लावायची सवय जुने तपासनीस तुळशीराम येरपुडे यांची होती, आणि येरपुडे तर निवृत्त होऊन केव्हाच घरी गेले होते.

कुंदा काळमेघनं आपला पेला अर्ध्यावर ठेवला आणि शेपटाकडे गेली. ती वैनगंगा एअरवेजची रचना-तपासनीस, म्हणजे विमानाचं अंग ठणठणीत आहे की नाही ते पाहणारी. शिवाय कामगार युनियनची सचिव. आज बुधवार होता. शुक्रवारी व्यवस्थापनाबरोबर, म्हणजे देवस्थळेसाहेबांबरोबर, बैठक होती, आणि तिथे ह्या हातांविरुद्ध काय बोलायचं ते तिला अजून सुचलेलं नव्हतं.

भांडण जुनंच होतं. सहा वर्षांपूर्वी कंपनी बुडायला आली तेव्हा युनियननं पगारातला पाचवा हिस्सा सोडला. बदल्यात कंपनीनं लिहून दिलं, की तपासणीचं काम बाहेर जाणार नाही. नवीन भरती मात्र तेव्हापासून बंद झाली. पुढे हस्तयंत्रं आली तेव्हा 'बाहेर' ह्या शब्दाचा अर्थ वकिलांनी असा लावला, की हात हँगरच्या आतच आहेत, मग ते ठेकेदाराचे असले तरी काम बाहेर गेलं असं कसं म्हणता? आता शेहेचाळीस तपासनीसांना नारळ द्यायचा आणि उरलेल्यांचे पगार आणखी कापायचे, असा प्रस्ताव होता. नाव कुंदाचंही त्या यादीत होतं. कामगार त्या यंत्रांना 'ठेक्याचे हात' म्हणत, आणि म्हणताना आवाज मुद्दाम चढवत, जणू त्या हातांना कानही होते.

कान खरं तर होतेच. तर्जनीच्या टोकाशी एक बारीक ध्वनिग्राहक बसवला होता, कारण हे काम कानाचं होतं. आजच्या विमानांचं शेपूट कार्बनच्या धाग्यांचे थर एकावर एक चिकटवून करतात. थर घट्ट असले तर टिचकी मारल्यावर खणखणीत वाजतं, कुठे आतून सुटले असतील तर बद्द. बाजारात माठ घेताना आपण जे करतो तेच, फक्त इथे माठ बारा मीटर उंच असतो आणि त्यात दोनशे माणसं बसून जातात. हँगरमध्ये ह्याला टिचकीच म्हणत. नवी नवी यंत्रं आली, तरी संशयाच्या जागी शेवटचा शब्द टिचकीचाच असे.

कुंदा शिडीखाली उभी राहून पाहत राहिली. खोड काढायलाच आली होती, पण खोड सापडेना. दोन टिचक्या, बोटभर सरकून एक, पुन्हा दोन. कडेला आल्यावर मनगट किंचित वळवून नखानं. हे सगळं येरपुडेकाकांचं होतं, जसंच्या तसं. तिला राग यायला हवा होता. आला तो गहिवर. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम करूनही ते किती सुंदर काम करत हे तिनं असं बाजूला उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं. ह्या एका गोष्टीसाठी तिनं ठेकेदाराचे मनातल्या मनात आभारही मानले, आणि मानल्याबद्दल स्वतःला एक शिवी घातली.

हात सुकाणूवर आले. शेपटाच्या ह्या हलणाऱ्या भागाला सगळे रडरच म्हणत. पहिली बिजागरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. तिसरीच्या खाली हात क्षणभर थांबले आणि मागे सरकले.

कुंदा शिडी चढून वर गेली, खिशातलं जुनं जाड रुपयाचं नाणं काढलं आणि तिसऱ्या बिजागरीखालच्या ताटाएवढ्या जागेवर टिचकी मारली. मग तिला भान आलं. आपण इथे वर काय करतोय?

आणि त्याच वेळी आवाज कानात शिरला. बद्द.

तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द. तळहाताएवढा थर आतून सुटला होता. तिकडे हातांच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं होतं: रडर, तपासणी पूर्ण.

ती जागा तिची होती. एकोणिसाव्या वर्षी ती ह्या विभागात आली, विभागातली पहिली बाई, तेव्हा येरपुड्यांनी तिला तेवढा एक तुकडा दिला होता. बाकी सगळं रडर ते स्वतः वाजवत, पण तिथे आले की थांबत, मागे सरकत आणि ती पुढे होई. त्यांची शिकवायची पद्धतच तशी होती. उस्तादानं त्या जागेला हातच लावायचा नाही, म्हणजे शिकणाऱ्याला वाटतं की हे मी ऐकलं नाही तर कोणीच ऐकणार नाही. पुढे ती पक्की तपासनीस झाली, तरी ते तिथे थांबायचे आणि ती पुढे व्हायची. दोघांच्याही अंगात ते इतकं मुरलं होतं, की त्याबद्दल कधी बोलणंही झालं नाही. हातांनी येरपुड्यांकडून सगळं घेतलं होतं, त्यांचं थांबणंसुद्धा.

तिनं विमानाला लाल पाटी लावली, नोंदवहीत नोंद केली आणि युनियनचे अध्यक्ष गजभिये यांना गाठलं. गजभिये इंजिन विभागातले, आवाजानं आणि अंगानं दणकट. ऐकता ऐकता त्यांचे डोळे चमकले.

"ताई, शुक्रवारपर्यंत तोंडातून एक शब्द काढू नका," ते म्हणाले. "हे भर बैठकीत टाकू. देवस्थळेसाहेबाले घाम फुटते का नाही पाहा!"

"आठ महिन्यांत ह्या हातांनी बावीस विमानं तपासली जी. एकाचीही ती जागा कोणी वाजवली नाही. आपल्याला घाम फोडायचा म्हणून ती दोन दिवस उडतच राहायची?"

"दोन दिवसांनं काय फरक पडते?"

"पडला तर?"

शेहेचाळीस घरांचा हुकमाचा पत्ता होता तो, आणि असा पत्ता युनियनच्या हाती सहा वर्षांत आला नव्हता. गजभियेंनी खिशातून फोन काढला, हातात फिरवला.

"लावतो देवस्थळेसाहेबाले," ते शेवटी म्हणाले. "पण हा फोन मी केला हे विसरू नका. लोक उद्या मलेच शिव्या देतील."

कुंदाला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. संध्याकाळपर्यंत सगळी विमानं जिथल्या तिथे थांबवली गेली, आणि गुरुवारी दुपारपर्यंत आणखी दोन रडर तिसऱ्या बिजागरीखाली बद्द वाजली.

गुरुवारी दुपारीच ती उमरेडला गेली. येरपुडे पडवीत बसून शेजाऱ्याच्या कूलरची जाळी साफ करत होते. तिला पाहून त्यांनी आत आवाज देऊन पाणी मागवलं आणि ओले हात धोतराला पुसले.

"काका, ते हात मी पाहिले. तुम्हीच आहात ते."

"मी कुठचा? म्या फक्त हातमोजे घातले होते," ते हसले. "सहा महिने. तारा लावलेले मोजे. रोज करता तसंच काम करा, त्यातून यंत्र शिकते म्हणे. म्या केलं."

"आणि रडरची तिसरी बिजागरी?"

येरपुड्यांनी डोळे मिटले. उजवा हात हवेत उचलला आणि त्यांचं बोट न दिसणाऱ्या रडरवर चालू लागलं, दोन टिचक्या, बोटभर सरकून एक. हात खाली खाली येत गेला आणि थांबला. त्यांनी डोळे उघडले.

"तिथं तं तू वाजवत होती," ते म्हणाले.

"हो. पण माझ्या हातात मोजे नव्हते."

तिनं तीन विमानांचं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरला. जाळी बाजूला ठेवत ते म्हणाले, "मायी चूक झाली पोरी. सांगाले पाह्यजे होतं म्या. ध्यानातच नाही आलं."

"चूक नाही जी. तुम्ही ती जागा सोडली म्हणून मी तपासनीस झाले. विभागातले बाकीचे मला रजिस्टर लिहायला बसवत होते, आठवतं? तुम्ही एकट्यानं मला विमानापाशी उभं केलं. तुम्ही सगळं स्वतःच वाजवलं असतं ना, तर काल तिथे शिडी चढणारं कोणी नसतं. हे मी कधी बोलले नाही तुम्हाला. आज बोलायला आले."

येरपुडे अवघडले. तोंडावर आभार मानून घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"एक विचारू?" कुंदा म्हणाली. "तुम्ही हात दिलेच कशाला त्यांना? सगळे म्हणतात काकांनी आपल्याला विकलं. मी भांडते त्यांच्याशी, पण मलाही कळत नाही."

"त्यायनं यादी दाखोली होती मले. तवाच काढणार होते बारा जणायले." ते अंगणाकडे बघत बोलत होते. "मोजे घातले तं यादी फाडतो म्हणे. त्यात तुहं नाव होतं. तुहा नवरा तवा दवाखान्यात. म्या म्हटलं, आपले हात तं बुढे झाले, घेऊ दे. आन् कोणाले सांगू नका अशी सही घेतली."

नवऱ्याच्या शेवटच्या त्या वर्षात कुंदाचा पगार आणि कंपनीचं दवाखान्याचं कार्ड चालू राहिलं, म्हणून त्याला नीट उपचार मिळाले होते. ते नशीब म्हणून तिनं देवाला हात जोडले होते. त्या नशिबाला उमरेडचा पत्ता होता, हे तिला आज कळत होतं. ती वाकून त्यांच्या पाया पडली.

शुक्रवारी बैठकीला देवस्थळे एकटेच आले, वकिलाविना. ते कंपनीचे देखभाल-प्रमुख, मूळचे इंजिनिअर, आणि दोन दिवस झोपले नसावेत असं दिसत होतं.

"आधी तुमचे आभार," ते कुंदाला म्हणाले. "तुम्ही हे आजपर्यंत दाबून ठेवू शकला असता. मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही."

"फोन गजभियेसाहेबांनी केला," कुंदा म्हणाली. गजभिये खुर्चीत जरा ताठ झाले.

"आता तोडगा सोपा आहे. तुम्ही अर्धा दिवस मोजे घाला, ती जागा आपण हातांना शिकवू. मग त्यांचं काम पूर्ण होईल."

"पूर्ण झालं हे तुम्हाला कसं कळणार, साहेब? बुधवारीही पडद्यावर पूर्ण असंच लिहिलं होतं." तिनं पुढ्यातला कागद त्यांच्याकडे सरकवला. "मोजे येरपुडेकाकांनी एकट्यानं घातले नव्हते. चाकांच्या विभागातून तिघं होते, पंखांच्या चौघं, दारांचे दोघं. सगळे शिकवणारे, आणि प्रत्येकाच्या मागं कोणीतरी शिकणारं उभं असायचं. त्यांनी काय सोडलं हे विचारून कळणार नाही, काकांना स्वतःलाही माहीत नव्हतं. हात थांबला आणि मला पुढे व्हावंसं वाटलं, तेव्हा कळलं. ज्यांना तसं वाटेल ती माणसं ह्या तुमच्या शेहेचाळिसांच्या यादीत आहेत."

देवस्थळ्यांनी यादी वाचली. मग पुन्हा वरून वाचली, ह्या वेळी एकेका नावावर बोट ठेवत.

"ही यादी मी मागे घेतो," ते म्हणाले. "पगारकपातही. वर्षभरासाठी, त्यापुढचं वचन देण्याइतका मी मोठा नाही. हातांच्या मागे प्रत्येक विभागात तुमचं माणूस चालेल, आणि मोजे घातलेल्या सगळ्यांना मानानं परत बोलवू."

"हे लिहून द्या," गजभिये म्हणाले, "आन् ह्या टाइमाले 'बाहेर' म्हणजे काय तेही लिहा."

देवस्थळे थकल्या चेहऱ्यानं हसले आणि लिहू लागले. कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेहेचाळीस घरं वर्षभर तरी चालणार होती, आणि ह्या खोलीत नसलेल्या एका म्हाताऱ्याचे उपकार तिला फेडता येणार नव्हते. फेडायचेही नव्हते.

लिहून झाल्यावर देवस्थळ्यांनी मान वर केली. "एक विनंती. मोजे तरीही घालाल का? एका जागेसाठी नाही, पूर्ण शेपटासाठी. तुमचं काम येरपुड्यांच्या तोडीचं आहे, आणि तुम्हीही कधीतरी निवृत्त व्हालच."

कुंदानं विचार केला. मनातल्या मनात ती रडरवरून खाली येत गेली, पहिली बिजागरी, दुसरी, तिसरी, आणि थेट तळाच्या कडेपर्यंत. तिचा हात कुठेच थांबला नाही.

"घालीन," ती म्हणाली. "माझ्या कामात तुम्हाला एकही जागा सुटलेली सापडणार नाही."

"मग तर उत्तमच."

"उत्तम कसं, साहेब? भरती बंद केल्यापासून माझ्या मागं तुम्ही कोणाला उभंच केलं नाही. मी जागा सोडू तरी कोणासाठी?"