अर्ध्या भाकरीचं गिऱ्हाईक

ताट आत आलं तेव्हा स्मृती तव्यापाशी होती. भाकरीचा एक कोपरा मोडलेला, भरलं वांगं अर्धं खाल्लेलं, भाताला हातही लागलेला नाही. आमटीची वाटी तेवढी रिकामी.

उलथनं हातात तसंच धरून ती बाहेर आली.

"हे ताट कुणाचं?"

हुब्बळीजवळ तारिहाळच्या कारखान्यांमागे तिची खानावळ होती. दुपारचं जेवण, एवढंच. आई पार्वतीबाई भाकऱ्या थापायच्या, बाकीचं सगळं स्मृती बघायची. तिचा आवाज चढला की कामगार खाली मान घालून जेवत. आजही सगळ्या माना खाली गेल्या. हात धुवायच्या बेसिनपाशी उभा असलेला एक जण मात्र वळला.

उंच, रुंद खांद्यांचा. अंगातला शर्ट त्याच्यासारखे दोघं मावतील एवढा. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडलेली, आणि पट्ट्याचं टोक थेट पाठीपर्यंत गेलेलं.

"माझं," तो म्हणाला.

"वाईट झालं होतं?"

"नाही, छान होतं."

"छान होतं म्हणून टाकलंत?"

"पोट भरलं."

"एवढ्यात?"

"एवढ्यात..." तो किंचित हसला आणि गल्ल्यावर पूर्ण ताटाचे पैसे ठेवू लागला.

त्या हसण्यानं तिचं डोकं आणखीच तापलं. "उद्यापासून दुसरीकडे बघा. इथं लोक जेवायला येतात, अन्न टाकायला नाही."

"बरं," तो म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसला.

तिनं रागारागानं वाढायला घेतलं. पहिली भाकरी ताटात पडते न पडते तोच त्यानं वर तळवा आडवा धरला. "साकु."

साकु म्हणजे पुरे. हा शब्द त्या खानावळीत लोक चौथ्या भाकरीला उच्चारत, मराठी असोत की कानडी. स्मृती त्या तळव्याकडे बघत राहिली. लांब बोटं होती. हिरवं मशीनचं तेल नखांच्या कडेला राहिलेलं.

तिसऱ्या दिवशी तिनं मुलांच्या मापाची ताटली आणली. अर्धी भाकरी, वाटीभर घट्ट आमटी, चमचाभर भाजी.

"याचे अर्धे पैसे."

"पूर्णच घ्या. मी बाक पूर्ण अडवतो."

"बाक भाड्यानं देत नाही मी. अर्धे म्हणजे अर्धे."

"मला सवलत नको."

"आणि मला फुकटचे पैसे नकोत. तुम्ही खाल्लं नाहीत त्याचे पैसे घेऊन मी काय करू?"

तो एकेक घास इतका सावकाश चावत होता की शेजारचे तिघं जेवून उठले. मग तो म्हणाला, "माझं नाव सुमंत."

"मी विचारलं नव्हतं."

"उद्या ओरडताना उपयोगी पडेल."

ती वळली, कारण हसू आलं होतं, आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

असे दीड-दोन महिने गेले. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्या बापाच्या वयाचे लोकसुद्धा "अक्का, स्वल्प आमटी" म्हणून वाटी पुढे करत. सुमंत मात्र कधी अक्का म्हणाला नाही. काहीच म्हणायचा नाही. नुसता बघायचा, आणि आमटी यायची.

"या माणसाशी तू रोज भांडतेस," एकदा पार्वतीबाई म्हणाल्या, "आणि तो रोज येतो."

"पैसे देतो, म्हणून येतो."

"पैसे सगळेच देतात," आई म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

एका दुपारी पाऊस असा कोसळला की पत्र्यावर आवाजाखेरीज काही ऐकू येईना. कारखान्यातून सुमंत एकटाच आला, खांदे भिजलेले. जेवल्यावर त्यानं खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली, एक नाही, चार.

"आजारी आहात?" तिनं विचारलं. आवाज तिला वाटलं होतं त्याहून मऊ निघाला.

"नाही... आता नाही." त्यानं जरा थांबून सांगितलं. "फेब्रुवारीत पोटाचं ऑपरेशन केलं. वजन कमी करायचं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात. आता वाटीभर अन्नात पोट भरतं. या गोळ्या व्हिटॅमिनच्या, जन्मभर घ्यायच्या."

"किती पैसे गेले?"

"साडेतीन लाख."

"जेवण कमी करायला?" ती हसली. "मला सांगायचं होतं. मी फुकट कमी वाढलं असतं."

तिनं गमतीनं म्हटलं होतं. त्यानं हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"अण्णाही हेच म्हणतो, माझा मोठा भाऊ," तो म्हणाला. "तोंड आवरायला कुणी पैसे घालवतं का, म्हणतो."

"तसं नाही..."

"शाळेत होतो तेव्हापासून तोंड आवरतोय मी." आवाज चढला नव्हता. "उपास केले, काढे घेतले, पहाटे धावलो. तिशीतच साखर वाढली. आमचे वडील, अप्पा, त्याच साखरेनं गेले, पन्नाशीही गाठली नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचाही रस्ता तोच. विमा कंपनीनं लिहून पाठवलं, हे हौसेचं ऑपरेशन आहे, पैसे मिळणार नाहीत. हौस. मग मी आणि अण्णानं रायापूरला जागा घ्यायला साठवलेल्यातले माझे काढले. उरलेले वेळेत जमले नाहीत. जागेवाल्यानं इसार बुडवला. आता घरी माझे पैसे वेगळे, म्हणून माझं जेवणही वेगळं. अण्णानं तोंडावर सांगितलं तसं. म्हणून मी इथं येतो. मला वाटलं, इथं तरी..."

तो उठला. गल्ल्यावर पैसे ठेवून भर पावसात निघून गेला. पैसे पूर्ण ताटाचे होते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. स्मृती सगळ्यांवर चिडली. आमटी खारट झाली म्हणून आईवर, आईनं ती चाखली म्हणून पुन्हा आईवर. त्या न पाहिलेल्या अण्णावर तर इतकी, की भांडी आपटताना त्याच्याशीच बोलत होती. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर फक्त स्वतःवर. काय गरज होती ते वाक्य बोलायची? हजार गोष्टी होत्या बोलायला. ओले खांदे पुसायला पंचा देता आला असता.

पाचव्या दिवशी एक माणूस दारात उभा राहिला. तीच उंची, तेच रुंद खांदे, फक्त शर्ट अंगाला घट्ट.

"सुमंत इथं जेवतो?"

"तुम्ही कोण?"

"गोविंद. त्याचा मोठा भाऊ." कपाळावर घाम होता. "काय वाढता तुम्ही त्याला? काल कारखान्यात चक्कर येऊन पडला. अंगात पाणी नाही, ताकद नाही. डॉक्टर विचारतायत चार दिवस काय खाल्लं, आणि तो काही सांगत नाही. बरोबरचे म्हणाले, इथं जेवतो."

स्मृतीनं बाकाची कड धरली.

"आता कसा आहे?"

"घरी आणलंय. सलाईन लावलं होतं. मी विचारलं ते सांगा."

"चार दिवस तो इथं आलेला नाही."

"मग जेवला कुठं?"

"घरी नाही?"

गोविंदनं तोंड फिरवलं.

तेवढं तिला पुरलं. "सख्ख्या भावाला घरात घास नाही, आणि जाब विचारायला माझ्याकडे आलात? जागेचे पैसे त्याच्या ताटातून वसूल करताय? त्यानं जीव वाचवायला स्वतःचे पैसे घातले. दारू प्यायला नाही, जुगार खेळला नाही..."

"खड्ड्यात गेली ती जागा," गोविंद म्हणाला.

खानावळीत कुणी घास उचलेना.

"त्यानं सांगितलं का तुम्हाला, ऑपरेशन कधी आहे हे मला कळलंच नव्हतं? कामाला बेंगळूरला जातो म्हणाला. मी स्टेशनवर सोडून आलो त्याला, डबा देऊन. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन, पेशंटला न्यायला कोण येतंय. इथल्याच, हुब्बळीतल्या हॉस्पिटलातून. अप्पांना मी त्याच दारातून बाहेर आणलं होतं, पांढऱ्या चादरीत." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "मला वर जाववेना. जिन्यात बसून राहिलो. तो टेबलावर गेला असता तर मला फोनवर कळलं असतं. आणि हा सगळ्यांना सांगतो, अण्णाला जागेचा राग आहे."

"तुम्ही काय सांगता?"

"मीही तेच सांगतो. दुसरं काय सांगू? पैशाचं बोललं की लोकांना कळतं."

स्मृतीनं उलथनं आईच्या हातात दिलं. डब्यात घट्ट आमटी भरली, मऊ भात भरला. आईनं डब्याला फडकं बांधून दिलं.

"चला," स्मृती गोविंदला म्हणाली. "स्कूटर आणलीय ना?"

सुमंत बाहेरच्या खोलीत कॉटवर पडला होता. तिला दारात बघून उठायला गेला, आणि भिंतीला टेकून तसाच बसला. चेहरा उतरलेला, आणि त्यावर एकदम रंग आला.

"तुम्ही... इथं?"

"चार दिवस काय खाल्लंत?"

"बिस्किटं."

"माझ्या एका वाक्यासाठी?"

त्यानं खाली बघितलं.

"मी चुकीचं बोलले. ते मला मान्य आहे, आणि पुन्हा बोलणार नाही. पण राग आला तर ओरडायचं माझ्यावर. स्वतःच्या पोटावर काढायचा नाही. आणि तुम्ही तरी मला पूर्ण कुठं सांगितलंत? यांना न सांगता टेबलावर जाऊन झोपलात, हे गाळलंत."

सुमंतनं भावाकडे पाहिलं.

"सांगितलं असतं तर अण्णा दारात उभा राहिला असता," तो हळूच म्हणाला. "रडला असता. आणि मी परत फिरलो असतो. मला परत फिरायचं नव्हतं."

"मी अडवलंच असतं," गोविंद म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

"पण न सांगता गेलास, ते मी विसरणार नाही."

"नको विसरू."

गोविंद उठून स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज झाला. वाटीत आमटी कालवलेला भात घेऊन तो आला आणि चमचा भावाच्या हातात दिला. "हळूहळू खा. डॉक्टरनी सांगितलंय." मग दाराकडे तोंड करून म्हणाला, "इसाराचे पैसे मात्र तुला भरावे लागतील. दर महिन्याला. ते मी सोडणार नाही."

"देईन."

"आणि जेवण घरी."

"दुपारचं नाही," सुमंत म्हणाला. तो भावाशी बोलत होता, बघत मात्र स्मृतीकडे होता.

ती उठलीच. निरोप न घेता पायऱ्या उतरली. स्कूटर नको म्हणाली आणि अर्धा रस्ता चालत गेली, कारण गाल तापले होते आणि वाऱ्याची गरज होती.

श्रावण संपत आला तेव्हा एका रविवारी दोघं धारवाडला केलगेरीच्या तळ्यावर गेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, एकट्याला कंटाळा येतो, असं त्यानं म्हटलं होतं. तिनं हे कारण मान्य केल्यासारखं दाखवलं होतं. बारीक भुरभुर चालू होती. तो भराभर चालत होता. तिला धाप लागत होती, आणि त्याचाही तिला राग येत होता.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगा."

"माझा पगार येतो आणि जातो. अण्णाचा हप्ता जातो. गोळ्या, प्रोटीनची पावडर, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. बाहेरच्या खाण्याचा खर्च गेला, साखरेच्या गोळ्या गेल्या, पण कपडे पुन्हा सगळे नवे घ्यावे लागतायत. मोटारसायकल विकली. जागा तर नाहीच... आणि एखाद्या चांगल्या हॉटेलात नेईन म्हटलं, तर मी तिथं नुसता बसून राहणार."

स्मृती थांबली. "मला हे का ऐकवताय? मी तुम्हाला कर्ज देणार आहे का?"

"आधीच खरं सांगावं म्हटलं. नंतर गाळलं म्हणाल."

"कशाच्या आधी?"

तळ्यावरून वारा आला. तिच्या ओढणीचं टोक उडून त्याच्या मनगटाला लागलं. त्यानं ते बाजूला केलं नाही.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," तो म्हणाला. "तुमची तयारी असेल तर... नसेल तरी मी दुपारी येईन. आमटीसाठी."

ती चालू लागली. चार पावलं पुढे गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "जागा मागितली मी? मोटारसायकल मागितली? माझी खानावळ आहे, माझं मी कमावते. दोनदा मला बघायला आले आणि मुलगी फार बोलते म्हणून परत गेले. मला दागिन्यांचं कौतुक नाही, हॉटेलचं नाही. तुम्ही पगार मोजून दाखवताय..." तिचा आवाज मध्येच चिरला, त्यामुळे ती आणखी चिडली. "ते चार दिवस मी कसे काढलेत, ते कुणी मोजलं? रोज दारात सावली पडली की बघायची. रोज दुसराच कुणीतरी. पुन्हा कधी असा न सांगता कुठं गेलास ना, तर बघ."

मागे पावलं वाजेनाशी झाली. तिनं वळून पाहिलं. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, भुरभुर अंगावर घेत, आणि त्याचा चेहरा उजळून निघाला होता.

"काय म्हणालात?"

"ऐकू आलं तेच."

"मला 'गेलास' म्हणालात."

"मग?"

"परत एकदा म्हणा."

स्मृतीनं डोळे पुसले. राग अजून होता. तो एवढ्यात जाणारही नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिनं हात पुढे केला.

"चल," ती म्हणाली. "भिजशील."