सड्यावरचा तांबडा फडका

“आज त्याका रंगेहात धरूचाच!” सुभद्रा दातओठ खात म्हणाली.

करवंदीच्या जाळीत ती, धाकटा भाऊ बाबू आणि शेजारचा लवू दबा धरून बसले होते. समोर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर, रोलर फिरवून तुळतुळीत केलेली धावपट्टी होती. नव्याने सुरू झालेलं मुंबईचं विमान दोनदा वर घिरट्या घालून, न उतरताच माघारी गेलं होतं. आणि दोन्ही वेळा पट्टीवर तांबडा फडका हलवत धावणारा तय्यबचाचा मुलांनी पाहिला होता! आगबोटीच्या उतारूंची ने-आण चाचाच्या होडीतून व्हायची. विमान चाललं तर त्याचा धंदा बसणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? मुलांनी बाजारभर बोभाटा केला. तेव्हापासून चाचाच्या होडीत कोणी पाऊल टाकेना.

कालच विमान कंपनीचे साहेब वैतागून म्हणाले होते, “भाडं आगबोटीच्या कितीतरी पट आहे. तरी पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणून लोक तिकीट काढतील. पण विमान उतरेल याचीच खात्री नसेल तर कोण बसणार? उद्या उतरलं नाही, तर सेवा बंद!”

“इलो!” लवू कुजबुजला.

चाचा धापा टाकत सडा चढून आला. रखवालदार शिवा आंब्याखाली खुशाल घोरत होता. चाचाने फडका उगारला. “हाड! हाड!” घारींचा थवा भर्रकन उडाला आणि फिरून खाली बसला.

“गो ताई,” बाबू चाचरला, “घारी आपल्या बांगड्यांर बसतत!”

आगोटीची मासळी! पावसाळ्याच्या बेगमीसाठी घरोघरच्या बायांनी ती पट्टीवरच वाळत घातली होती. इतकी सपाट, तापलेली जागा दुसरी कुठे मिळणार? सुभद्राने स्वतः आईबरोबर बांगडे पसरले होते, घारीही पाहिल्या होत्या. संशय मात्र चाचाचा! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती जाळीतून बाहेर आली. “चाचा, पण तुमचो धंदो...”

“धंदो जायत तर जायत. विमानात माणसां आसत गो! घार पंख्यात गेली तर?”

“मगे सांगलास कित्याक नाय?”

“सांगलंय. माझा आता कोण ऐकता?”

सुभद्राला मान वर करवेना. इतक्यात दूरवर घरघर ऐकू आली!

“उठ रे शिवा!” लवूने त्याच्या अंगाखालचं कांबळं खस्सकन ओढलं. मुलांनी भराभर बांगडे त्यात कोंबले. चाचाने घारी पार खाडीकडे पिटाळल्या. आणि विमान उतरलं!

गाव जमला. उतारूंसाठी आणलेले हार सरपंचांनी मुलांच्याच गळ्यात घातले. “शाब्बास! पोरांनी गावाचा नाव राखल्यानी!”

हार सुभद्राला काट्यांसारखा टोचू लागला. तिने तो काढला.

“माका नको. चाचा विमान घालवता, म्हणान आमीच बोंब मारली. ता खोटा होता! ते घारी हाकलत होते.”

सरपंचांनीही त्या बोभाट्यावर विश्वास ठेवून आपल्या पाहुण्यांना दुसऱ्या होडीत बसवलं होतं.

चाचाने सुभद्राच्या डोक्यावर हात ठेवला. “चुकलीत, पण तोंडार सांगलात. शाब्बास गो!”

सुभद्राला हुंदका आवरेना. मोठी माणसं मात्र घसे खाकरत इकडेतिकडे बघत राहिली.