थोरलीचे तीन तुकडे

आमच्या घरात नवी वस्तू घासल्याशिवाय वापरत नाहीत. आई नवा कोरा पेलासुद्धा आधी काथ्याने घासते. म्हणून त्या दिवशी मी जे केलं, ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

झालं असं. आबा, म्हणजे माझे आजोबा, प्रवाळाचे पाच तुकडे घरी घेऊन आले. मालवणच्या समुद्रात प्रवाळांचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला. आता २०६१ साली किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत आमच्यासारखी खाऱ्या पाण्याची टाकी असते. समुद्रात फुटलेलं प्रवाळ घरी वाढवायचं आणि पुन्हा समुद्रात लावायचं.

प्रत्येक तुकडा नखाएवढा होता आणि बटणाएवढ्या चकतीवर चिकटवलेला होता. चकतीच्या खाली पेन्सिलीचे काळे फराटे होते. मला वाटलं, मळ. आबा हातपाय धुऊन येईपर्यंत मी पाण्याच्या टबात चार चकत्या खालून घासून लख्ख केल्या. पाचवी हातात घेतली, तोवर आबा दारात उभे.

"काय केलंस गो, पालवी?" एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते फराटे म्हणजे आकडे होते. दोन वर्षांपूर्वी समुद्र इतका तापला, की कावळखडप या समुद्रातल्या खडकावरची सगळी प्रवाळं पांढरी पडून मेली. एकच टिकलं. आबा त्याला थोरली म्हणायचे. परवाच्या वादळात थोरलीही फुटली आणि तिचे फक्त तीन तुकडे हाती लागले, त्यांचे आकडे एक ते तीन. बाकीचे दोन, चार आणि पाच, दुसऱ्या खडकावरचे. जात तीच, रंग तोच तपकिरी, पण उष्णता सोसण्याचा थोरलीचा गुण त्यांच्यात नाही.

"भलतेच तुकडे थोरली म्हणून लावले, तर पुढच्या तापात खडप पुन्हा ओसाड," आबा म्हणाले.

मी चटकन म्हणाले, "प्रयोगशाळेत तपासून घेऊ ना."

"त्यासाठी प्रत्येकाचा लचका तोडावा लागेल. एवढ्याशा जिवाचा किती तोडायचा?"

माझ्या हातातल्या चकतीवर आकडा शाबूत होता. एक. म्हणजे हा तुकडा नक्की थोरलीचा. आबांनी तो माझ्याकडून घेतला. मग म्हणाले, "हिलाच विचारू, तुझी माणसं कोणती."

मला वाटलं, आबांना धक्का बसलाय.

त्यांनी एक सपाट दगड घेतला. चकतीचं बूड फडक्याने टिपलं, त्यावर वाटाण्याएवढा गोंद ठेवला आणि चकती पाण्याखाली दगडावर दाबून धरली. मी तीस आकडे मोजले. हा गोंद पाण्यातच घट्ट होतो. वरच्या जिवंत मांसाला मात्र बोट लावायचं नाही. एक नंबर मधोमध आणि बाकीच्या चार तिच्याभोवती, कडेला कड लावून. दिवा पहिले आठ दिवस मंद ठेवला, कारण नव्या जागी प्रखर उजेड त्यांना सोसत नाही.

"प्रवाळ झाड नाही आणि दगडही नाही," आबा सांगू लागले. "हजारो पॉलिप (तोंडाभोवती भुजा असलेले चिमुकले प्राणी) एकाच कातडीने जोडलेले असतात आणि अंगाखाली चुन्याचं घर बांधतात. तुकडे केले तरी ते जगतात. वाढता वाढता कुणाला भिडले, की ओळखतात."

"डोळे नाहीत, मेंदू नाही. ओळखणार कसे?"

"अंगाला अंग लावून. प्रत्येक पेशीवर (शरीर जिच्यापासून बनतं ती चिमुकली वीट) त्या जिवाची खूण असते. खूण जुळली, तर ते आपलंच अंग. नाही जुळली, तर दंशपेशी (डंख मारणाऱ्या पेशी) कामाला लागतात."

मग नुसती वाट बघायची. टाकीतला आमचा यंत्रखेकडा कुर्ली रोज निळ्या उजेडात फोटो काढायचा. त्या उजेडात प्रवाळ हिरवं चमकतं. मांस केसाकेसाने चकतीवर पसरत होतं. शाळेतून आले की मी दप्तरासकट टाकीपुढे.

सप्टेंबरात मांसाच्या कडा भिडल्या. चारच दिवसांत दोन चकत्यांच्या कडेला पांढरी रेघ उमटली. तिथलं मांस मेलं होतं. आबांनी त्या दोन्ही चकत्या लगेच सोडवून दूरच्या दगडावर लावल्या. उरलेल्या दोघींपाशी मात्र भांडण नव्हतं, नुसती एक बारीक काळी रेघ होती. ती रोज फिकट होत गेली.

एका सकाळी मी फोटो उघडला आणि रेघ सापडेना. भिंग आणलं, तरी सापडेना. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच हिरवं अंग होतं. आकडे मी पुसले होते, पण त्यांची ओळख काही पुसली गेली नव्हती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"मोठं झाल्याशिवाय प्रवाळ अंडी सोडत नाही," आबा हळूच म्हणाले. "एकेकटी राहिली असती, तर फार वर्षं लागली असती. आता तू कॉलेजात जाशील तोवर कावळखडपावर हिची पिल्लं रुजलेली असतील."

नोव्हेंबरात समुद्र निवळला. होडीत बसण्याआधी आबांनी दगड उलटा धरला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"कुठला आकडा घालू?" मी विचारलं. "तुकडे तर तीन आहेत."

"बघ बरं नीट," आबा म्हणाले.

मी पुन्हा एकदा बघितलं आणि एक घातला.