तपकिरी पट्टीवरचा आवाज

फोन खिशात घाला, मग सांगतो. ही गोष्ट माझ्या साडूची. साडू थापा मारायला लागला की नाक चोळतो, हे आमच्या सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. हे सांगताना मात्र त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

जुनी यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. त्याच्याच गल्लीतल्या एका बाईंनी घरचा जुना प्रोजेक्टर पाठवला. भिंतीवर सिनेमा दाखवणारा, बोलणारा. सोबत एकच रीळ. त्यात त्यांची सहा वर्षांची मुलगी खुर्चीत बसून पाय हलवत गाणं म्हणते. पोर त्याच वर्षी तापाने गेली. पुढे बाईंची दृष्टीही गेली. म्हणजे चित्राचा त्यांना काय उपयोग? उरला तो आवाज. आणि तो असतो फिल्मच्या कडेच्या बारीक तपकिरी पट्टीवर, कॅसेटच्या फितीसारखा. तुम्ही कॅसेट तरी कुठे पाहिलीय म्हणा!

बाई म्हणाल्या, "मला फक्त ऐकायचंय. उद्या सकाळी येऊ?"

साडू भिडस्त. हो म्हणून बसला.

नोव्हेंबरातला मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. दुकानात हा एकटाच. आतली चाकं फिरवणाऱ्या पट्ट्याचं विरघळून डांबर झालं होतं, तो बदलला. रबरी चाकं बदलली. झिजलेलं सगळं पाहिलं, एक सोडून. अशा यंत्रावर रेकॉर्डिंगचंही बटण असतं, आणि ते चुकून दाबलं जाऊ नये म्हणून एक खिट्टी. ते बटण आता कोण वापरतंय, म्हणून याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिट्टी पार झिजली होती. बटण आत जाऊन बसलं होतं.

एरवी त्याचा नियम पक्का. पहिली चाचणी स्वतःच्या भंगार रिळावर. त्या रात्री ते शोधायचा कंटाळा केला आणि बाईंचीच फिल्म चढवली.

भिंतीवर मुलगी आली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वायर ढिली असेल म्हणून हा मागे खुडबुड करत राहिला. रीळ संपत आलं, तेव्हा त्याला लाल दिवा दिसला.

पोरांनो, तो रेकॉर्डिंगचा दिवा. यंत्र ऐकवत नव्हतं. पुसत होतं.

अडकलेलं बटण ओढून काढलं, रीळ उलटं गुंडाळलं, पुन्हा लावलं. नुसती खरखर. शेवटपर्यंत खरखर. साडू डोक्याला हात लावून ढसाढसा रडला. बाईंचं लेकरू दुसऱ्यांदा गेलं, आणि या वेळी त्याच्या हातून.

शेवटी उठला. यंत्र बंद केलं. दिवा मालवायला हात वर नेला.

"काका..."

आवाज यंत्रातून आला. रीळ थांबलेलं होतं.

"...दिवा नका ना मालवू."

हात तसाच वर.

पुन्हा काही नाही...

साडू उजाडेपर्यंत भिंतीला पाठ लावून बसला. दिवा चालू ठेवून.

सकाळी काठी टेकत बाई आल्या. त्याने हात जोडले आणि खरं ते सगळं सांगितलं. फक्त ती हाक सांगितली नाही. बाई चाचपडत खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, लावा. त्याने लावलं. भिंतीकडे बघायची त्याची छाती झाली नाही. तो बाईंकडेच बघत राहिला.

खरखर.

खरखर...

बाईंनी मान कलती केली. हसल्या.

"हो गं," त्या हळूच म्हणाल्या. "चल मग घरी."

उठल्या. काठी डाव्या हातात. उजवा हात खाली, अर्धवट मिटलेला. दारात थांबल्या, किंचित वाकल्या.

"पायरी आहे. सांभाळून."

आंधळी बाई... कुणाला सांगत होती?



यंत्र न्यायला त्या काही आल्या नाहीत. निरोप पाठवला, आता गरज नाही. रीळ यंत्रासकट साडूने माझ्याकडे दिलं. त्याला ते दुकानात नको होतं.

मी एकदाच लावून पाहिलं. भिंतीवर खुर्ची दिसते. रिकामी. तिच्यावरची उशी मधोमध दबलेली आहे, आणि नुकतंच कुणी उठून गेल्यावर येते तशी ती हळूहळू वर येते.