दोराचं दुसरं टोक

जितेंद्र, त्या दोरावरचा पाय काढ बरं. नवा आहे तो, पण पाय नको ठेवू गा. आन श्वेता, मगाशी मी म्हटलं का उद्या दोरावर तीन झटके आले तर जागच्या जागी थांबा, तर तू हसली. हसू नको वं पोरी. गार्गी मॅडमची गोष्ट सांगतो, मग हास.

गार्गी मॅडम तुमच्यासारखीच, पक्ष्यांच्या मागं लागलेली. तणमोरावर काम करून राहिली होती, आन तिची जीप मी चालवायचो. कामठीच्या पुढं एक जुना तलाव आहे, त्याच्या काठचं गवत माणसाच्या छातीएवढं. त्या गवतात तणमोराची मादी आहे, असं तिचं म्हणणं. तीन पावसाळे शोधलं, घरटं काही सापडलं नाही.

त्या साली अधिक श्रावण आला होता, म्हणून पोळा पार सप्टेंबरात गेला. मी सांगतो ती रात्र तान्ह्या पोळ्याची. सकाळी मॅडमनं मले इतवारीत धाडलं, नवा दोर आणायले. आता मारबतीच्या दिवशी इतवारीत दोर आणायले जाणारा भैताड मीच! पिवळ्या-काळ्या मारबतीची मिरवणूक, बडग्यांचे पुतळे, ढोल, माणसाले माणूस चिकटलेला. दुकानाचे शटर खाली. आलो हात हलवत. नवा दोर आणला असता तर पुढचं झालंच नसतं, असं मले अजून वाटते.

मॅडम म्हणे, "राहू द्या काका, जुना आहे ना."

जुना म्हणजे प्रशिकचा. प्रशिक तिच्या जोडीचा, दोघं सोबतच शिकत होते. दोर ओढायचं काम तुम्ही उद्या करालच. दोघांनी दोन टोकं धरायची, मधला दोर गवतावरून घासत न्यायचा, घरट्यावर बसलेला पक्षी उडतो. तोंडानं बोलायचं नाही. एक झटका म्हणजे चल. दोन म्हणजे थांब, घरटं. तीन म्हणजे साप आहे, पाय उचलू नको. हे झटके प्रशिकनंच बसवले होते. आन पोट्टा असा मस्करीखोर, का उगाच तीन झटके द्यायचा आन मॅडम घाबरून उभी राहिली का तिकडून खी खी हसायचा.

आदल्या पावसाळ्यात त्यानं असेच तीन झटके दिले. मॅडमले वाटलं, झाली याची मस्करी सुरू. ती चालत राहिली. दोर त्याच्या हातातून सुटून हिच्या मागं घसटत आला, तरी हिच्या ध्यानात नाही. तो ओरडला असंल, पण वारा उलटा होता. पार बांधापर्यंत जाऊन ती वळली. तोवर घोणस चावून... बराच वेळ झाला होता. मीच त्याले जीपमध्ये टाकलं. दवाखाना यायच्या आधी गेला पोट्टा. जाऊ दे. पाणी दे बरं इकडं.

हां. तर त्या संध्याकाळी जमिनीच्या मालकाच्या माणसाचा फोन. उद्या सकाळी जेसीबी लागते, लेआउटचे प्लॉट पाडायचे आहे. त्यानं एवढा शब्द दिला होता का जिवंत घरटं दाखवा, झेंडी लावा, तेवढं गवत आम्ही सोडतो. म्हणजे मॅडमच्या हातात एकच रात्र.

आन रात्री दोर ओढायचा नाही, हा पहिला नियम. अंधारात मादी उठली तर परत बसायले येत नाही, अंडी थंड पडतात. तिले माहीत नव्हतं? तिनंच तर आमाले शिकवलं. पण सकाळी मशीन होती ना बाप्पा.

अमावास्या कालच झालेली, चंद्राचं नाव नाही. दूर कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचे लाल दिवे तेवढे दिसत होते. दोर घेऊन दोघं उतरले. एक टोक मॅडमच्या हातात, दुसरं ऋषीच्या. ऋषी तिचा नवा जोडीदार. मी जीपपाशी. मॅडमच्या कपाळाले बारीक लाल दिवा, तो गवतावरून हळूहळू सरकून राहिला होता. मी बिडी पेटवली.

थोड्या वेळानं गवतातून ऋषी आला.

"काका, बॅटरी द्या. माझी गेली."

"आन मॅडम?"

"दोन झटके देऊन आलो. थांबल्या असतील. दोर तिथंच ठेवला."

मी पाह्यलं. लाल दिवा थांबला नव्हता.

चालून राहिला होता. सावकाश. एकदम सरळ.

ऋषीनं फोन लावला. लागला नाही. परत लावला. लागला. त्यानं स्पीकर केला.

मॅडम पार हळू बोलली, "फोन कायले करतोस? पुढं मादी आहे. मी आवाज ऐकला. तू झटके देत राहा."

"मॅडम..."

"अरे, एक दिला ना आत्ता. चल म्हणून."

"मॅडम, मी जीपपाशी आहो."

लाल दिवा थांबला.

आमाले तिचा श्वास ऐकू येत होता. मंग ती म्हणे, "काका, तुम्ही आहे का?"

"आहो ना, पोरी."

"ऋषी तुमच्याजवळ आहे?"

"हौ."

"दोर ताणलेला आहे, काका... कोणीतरी धरला आहे."

मी म्हटलं, टाक तो दोर अन् पळ. तेवढ्यात समोर गवतात फडफडलं. मोठा पक्षी उठला. आमाले जीपपाशी ऐकू आलं. मादी! तीन वर्षं जिच्यासाठी काढले, ते घरटं तिच्यापासून दोन-चार पावलांवर.

"गेली ती," मॅडम म्हणे. "काका, घरटं समोरच आहे."

"मंग निघ ना पोरी."

"तीन."

...

"तीन झटके दिले, काका."

ऋषी फोन माझ्या हातात देऊन बॅटरी घेऊन धावला. फोनमधून ती म्हणे, "कोणी येऊ नका. मागच्या वेळी मी चालत गेली. आता नाही जात." मी ऋषीले हाक मारून परत बोलावलं. ती रडून राहिली होती. "प्रशिक, मी थांबली आहे. पाह्य... थांबली आहे."

मंग फोनवर एक आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते ना, तसा. सूऽऽऽ. खालून. थांबला. परत आला.

लाल दिवा तसूभर हलला नाही.

दर थोड्या वेळानं म्हणे... "तीन."

मंग चार्जिंग संपून तिचा फोन बंद पडला. लाल दिवा तेवढा दिसत होता. रात्रभर. एका जागी.

उजाडताना आम्ही काठ्या आपटत गेलो. सगळं गवत दवानं भिजलेलं, गुडघ्यापर्यंत ओले झालो. मॅडम उभी होती. दोर मुठीत. तिच्या बुटापासून अर्ध्या पावलावर घोणस, वेटोळं घालून. आमच्या आवाजानं सरकली आन गेली.

दोन पावलं पुढं घरटं. तीन अंडी. वर दव.

मॅडमनं एकेक गालाले लावून पाह्यलं. थंडगार. तिनं झेंडी लावली तरी. मालकाचा माणूस आला, वाकला, अंड्यावर हात ठेवला, म्हणे हे काही जिवंत नाही बाई. मशीन लागली. दुपारपर्यंत सगळं सपाट. मॅडमनं त्यानंतर हे काम सोडलं.

पण मशीन यायच्या आधी मी दोर गुंडाळायले गेलो होतो. दुसऱ्या टोकापर्यंत. प्रशिक सांगायचा, पहाटे दवात कोरडी जागा शोधा काका, तिथं पक्षी रात्रभर बसला असते. ऋषीनं टोक ठेवलं, ती जागा पार मागं राहिली होती. टोक तिथं नव्हतं. मॅडमच्या बरोबरीनं पुढं आलेलं होतं.

तिथं गवत दबलेलं होतं. गोल. माणूस मांडी घालून बसंल एवढं. चहूकडं दव, आन तेवढी जागा कोरडी.

मी हात टेकवला.

गरम होती.