वीतभर होडक्याची दोरी

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावस्येचीही नाही.

१९८३ सालच्या नोव्हेंबरात, तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावात, लख्ख उन्हात हे घडलं. गावाचं नाव मला ठाऊक आहे. लिहिणार नाही. लिहिलं तर त्याचा राग तिथे राहणाऱ्या हंसाकाकूवर निघेल.

कोणाला खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. माझा दामूमामा खोटारडा नव्हता. भित्रा होता. तेही पुढे येईलच.

मामा होड्या बांधणारा सुतार. गावात इंजिनं आली आणि लोकांनी शिडाच्या होड्या फोडून चुलीत घातल्या. त्याच लोकांना मग मच्छीमार सोसायटीच्या नव्या ऑफिसात, काचेच्या कपाटात, 'जुनी आठवण' म्हणून शिडाची छोटी होडी हवी झाली. काम सांगितलं चेअरमन महादू तांडेलने. पाहुणे येणार, हुबेहूब झाली पाहिजे, असं बजावून गेला.

मामाने जीव ओतला. खऱ्या होडीच्या एका हाताला दोन बोटं, असं माप धरलं. चिंचोके घासून कप्प्या केल्या. जुन्या धोतराचं शीड शिवलं. सुताला पीळ देऊन दोऱ्या वळल्या आणि मळकट दिसाव्यात म्हणून चहाच्या पाण्यात बुडवल्या. मागे दोरीने एक वीतभर होडकंही बांधलं.

माप मात्र आठवणीतलं होतं. त्याने बांधलेल्या शेवटच्या शिडाच्या होडीचं.

ती होडी महादू तांडेलचीच.

नऊ वर्षांपूर्वी त्या होडीवर चौघे होते. महादू, त्याचे दोन मेहुणे आणि हंसाकाकूचा नवरा दादू. वादळ उठलं तेव्हा दादू मागच्या होडक्यात उतरून अडकलेलं जाळं सोडवत होता. होडी परत आली. होडकं आलं नाही. दादूही नाही.

महादूने किनाऱ्यावर पाय ठेवताच सांगितलं, दादू पिऊन होता, गाठ धड मारली नाही, गाठ सुटली. मेहुण्यांनी माना हलवल्या. झालं. सोसायटीचं जाळं बुडवणाऱ्याच्या बायकोला सुकवणीच्या मैदानात जागा कशाला, म्हणून हंसाकाकूच्या बोंबील सुकवायच्या वलांडी उपटून टाकल्या. बांबू तिच्या दारात आणून फेकले. तेव्हापासून ती एसटीने बोईसरला जायची, एका केमिकलच्या कारखान्यात पिंपं धुवायला. त्या पाण्याने तिची नखं गेली.

एका गाठीपायी.

होडी पुरी झाली त्या दुपारी मामाच्या हातून चूक झाली. सवयीची चूक. आमच्या आजोळची रीत अशी की होडी पाण्यात लोटण्याआधी सुताराने नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावायचं आणि जे तिच्यावर जाणार त्यांची नावं एकेक करून घ्यायची. हात आपोआप करंड्याकडे गेला. तोंड आपोआप बोललं. महादू… मग दोन्ही मेहुणे…

आणि दादू.

नाव तोंडातून गेल्यावर मामा चपापला. मग स्वतःशीच हसला. खेळण्याला कसली नावं? कामाच्या खोलीला कडी लावून जेवायला गेला.

परत आला तर आत आवाज येत होता.

चुबुक… चुबुक…

नांगरलेल्या होडीच्या बुडाशी पाणी लागतं, तसा. मामाने कडी काढली. आवाज थांबला. जमिनीवर कोरडा भुसा. पाण्याचा थेंब नाही.

होडक्याची दोरी मात्र तुटली होती.

तुटली नव्हती… कापली होती. एका घावात, सरळ. आणि होडीकडची गाठ जागच्या जागी घट्ट बसलेली होती.

फक्त ती मामाची नव्हती. पीळ उलटा होता. डावखुऱ्या माणसाने मारावा तसा.

गावात डावखुरा एकच होता.

मामाने ती गाठ सोडली, नवी दोरी घेऊन आपल्या हाताने गाठ मारली. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावलं आणि उंबऱ्यातच ताट घेऊन बसला. समोर समुद्र, भरतीची वेळ. दोन घास झाले असतील…

समुद्राचा आवाज बंद झाला.

लाटा दिसत होत्या, फुटत होत्या. आवाज नव्हता. फक्त पाठीमागे, बंद दाराआड, चुबुक… चुबुक…

कुलूप काढलं. पुन्हा उलटी गाठ. पुन्हा कापलेली दोरी. आणि होडकंच नाही. भुसा चाळला, फळ्या उचलल्या. नाही म्हणजे नाही.

तिसऱ्या दिवशी हंसाकाकूला सुट्टी होती. मामाने तिला बोलावून आणलं, ते तेवढं एक धाडस. ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. हात लावला नाही.

"ही ह्यांची गाठ हाय," ती म्हणाली. "सुटली नवती."

तेवढ्यात दारात महादू. होडी झाली का बघायला आला होता. त्याची नजर दोरीवर गेली, आणि मामा सांगायचा, माणसाचा चेहरा इतका रिकामा झालेला त्याने पुन्हा कधी पाहिला नाही.

"ही गाठ तू मारली, दामू?"

"नाय, तांडेल."

"मंग कुनी?"

हंसाकाकू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुमीच सांगा ना. कोयता कुनाच्या हातात होता?"

महादूने तिच्याकडे पाहिलंच नाही. "दोरी जोड," तो मामाला म्हणाला. "डिंक लाव. उद्या पाहुने येतील."

आणि मामाने जोडली.

मी हे लपवणार नाही. पंचायतीची दारं-खिडक्या, शाळेचे बाक, सगळी कामं महादूच्या शब्दावर मिळायची. हंसाकाकू बघत उभी असताना मामाने ती गाठ सोडली, नवं होडकं कोरलं, नवी दोरी बांधली, वर डिंक फासला. महादूने होडी ऑफिसात नेऊन कपाटाला स्वतः कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली.

चौथ्या दुपारी सगळं गाव जमलं. पाहुण्यांनी कपाटावरचा पडदा सारला.

टाळ्या सुरू झाल्या… आणि विरल्या.

काचेच्या आत बोटभर पाणी साचलं होतं. होडी पाण्यात हलत होती. मागे उलट्या पिळाची गाठ, आणि कापलेल्या दोरीचं टोक.

होडकं नव्हतं.

गावातले म्हातारे तांडेल, एकेकाळी होड्या हाकलेले, पुढे आले. दोऱ्यांत जन्म गेलेली माणसं ती. सुटलेली गाठ कशी दिसते आणि कापलेली दोरी कशी, हे त्यांना शिकवायला नको. त्यांनी पाहिलं. महादूच्या मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी खाली पाहिलं.

मग कोणीतरी म्हणालं, चहा निवतो.

आणि सगळे चहा प्यायले. एवढंच. बशीत वेफर्स होते.

दुसऱ्या दिवशी हंसाकाकूने सुकवणीच्या मैदानात आपल्या जुन्या जागेवर खड्डे खणले, बांबू रोवले. कोणी अडवलं नाही. कोणी माफीही मागितली नाही. महादू पुढे अकरा वर्षं चेअरमन राहिला आणि घरच्या खाटेवर मेला.

मामा एकदा तिच्याकडे गेला. चुकलो, म्हणाला. ती बोंबील अडकवत होती. हात थांबवले नाहीत.

"नऊ वर्सं मी वाट बघितली, दामूदादा. माझ्याकडं येकदा पन नाय आले. तुमच्याकडं आले. येकदा नाय, दोनदा." मग ती वळली. "आनि तुमी डिंक लावला."

मामाने पुढे होडी बांधली नाही, छोटी नाही की मोठी नाही. मला हे सांगत होता तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

आता मामा नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत नाही. उत्तर माहीत आहे.

दुपारी घरात एकटा असलो की रेडिओ मोठा लावून ठेवतो.